आपण त्यांचे ऋणी आहोत : अँडीज आणि अ‍ॅमेझॉनच्या आदिवासींची ओळख



एकादशीच्या दिवशी शेजारच्या घरातून साबुदाण्याच्या खिचडीची वाटी आली की आपण ती आनंदाने घेतो. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची. खिचडी आपल्या मातीतली, पण तिच्यातले हे चारही जिन्नस पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात कोणी पाहिलेही नव्हते. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला. शेंगदाणा आजच्या बोलिव्हिया आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरच्या डोंगरउतारांचा. बटाटा अँडीज पर्वताच्या माथ्यावरचा. मिरचीचे मूळ कूळही त्याच दक्षिण अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिके आपल्या किनाऱ्याला लागली.

पण जहाजवाल्यांनी ती फक्त वाहून आणली. रानातल्या कडू, विषारी, बोटाएवढ्या कंदांना हजारो वर्षांच्या मेहनतीने माणसाच्या ताटात बसण्याजोगे केले ते तिथल्या आदिवासींनी. त्यांनाच पुढे जगाने ‘रानटी’ आणि ‘अडाणी’ म्हटले. आपले काम आदिवासी पाड्यांवर चालते, म्हणून या अंकात या दूरच्या भावंडांची थोडी ओळख करून घेऊ.

किनाऱ्यावरचे पहिले शहर

अँडीज ही पर्वतरांग दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने सुमारे सात हजार किलोमीटर पसरली आहे. तिच्या पश्चिमेला समुद्रकाठचे कोरडे वाळवंट, माथ्यावर बर्फ आणि पूर्वेला उतरत गेले की अ‍ॅमेझॉनचे ओलेगच्च जंगल. या प्रदेशाचे नाव घेतले की आपल्याला इंका लोक आठवतात. पण इंकांचे मोठे साम्राज्य स्पॅनिश लोक येण्यापूर्वी जेमतेम शंभर वर्षे टिकले. त्यांच्याआधी तिथे कितीतरी समाज नांदून गेले होते.

पेरू देशात, लिमा शहराच्या उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, सुपे नदीच्या खोऱ्यात काराल नावाची जागा आहे. वाळूच्या टेकड्या समजून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करीत. पेरूच्या पुरातत्त्वज्ञ रूथ शाडी यांनी १९९० च्या दशकात तिथे उत्खनन सुरू केले, तेव्हा त्या टेकड्यांखाली दगडी पायऱ्यांचे मनोरे आणि गोल चौक निघाले. २००१ मध्ये त्यांचे वय जाहीर झाले : सुमारे साडेचार हजार वर्षे. म्हणजे मिसर देशात पिरॅमिड उभे राहत होते आणि सिंधूकाठी मोहेंजोदडो वसत होते, साधारण त्याच काळात हे लोकही शहर बांधीत होते.

त्यांच्याकडे मातीची भांडीसुद्धा नव्हती. खोऱ्यातले शेतकरी कापूस पिकवीत, त्याची जाळी समुद्रावरचे कोळी वापरीत, आणि बदल्यात सुकी मासळी वर खोऱ्यात येई. शहराभोवती तटबंदी सापडली नाही. सापडल्या त्या पेलिकन पक्ष्याच्या हाडांपासून केलेल्या बासऱ्या.

थंडीलाच कामाला लावले

अँडीजच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या आसपास, शेती करणे म्हणजे रोजची परीक्षा. दिवसा ऊन भाजते, रात्री पाणी गोठते. एका रात्रीच्या हिमाने उभे पीक काळे पडते. अशा ठिकाणी, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी बटाटा माणसाळवला गेला. रानबटाट्यात विषारी कडूपणा असतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत त्यांनी तो कमी केला. आजही अँडीजमध्ये बटाट्याच्या चार हजारांहून अधिक देशी जाती आहेत : जांभळ्या, काळ्या, लाल, बोटासारख्या लांब, गाठीगाठींच्या. एकाच शेतात अनेक जाती लावायच्या, म्हणजे हिम पडो की कीड येवो, काही ना काही हाती लागतेच.

बटाटा टिकवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्यांनी ज्या थंडीने पीक मरते तिचाच उपयोग केला. जून-जुलैच्या कडाक्यात बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की अनवाणी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे. असे काही दिवस केले आणि वाळवले की हलका, खडखडीत ‘चुन्यो’ तयार होतो. तो वर्षानुवर्षे टिकतो. पाण्यात भिजवून रस्सेदार जेवणात घालतात. आपल्या आयाबाया उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवतात तसेच हे वाळवण; फक्त त्यात उन्हाबरोबर हिमही राबते.

जमिनीचेही तसेच. डोंगरउतारावर त्यांनी दगडी बांधाच्या पायऱ्या केल्या. बांधाचा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब देतो. खाली खडी आणि वर सुपीक माती, त्यामुळे पाणी साचत नाही आणि माती वाहून जात नाही. टिटिकाकाकाठच्या सपाट जमिनीवर त्यांनी उंच वाफे आणि मधून पाण्याचे चर अशी रचना केली. चरांतले पाणी दिवसा उष्णता धरते आणि रात्री सोडते, त्यामुळे वाफ्यांवरच्या पिकाला हिमाचा तडाखा कमी बसतो. ही शेते शेकडो वर्षे पडीक होती आणि त्यांच्या खुणांचा अर्थ कोणालाच लागत नव्हता. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी स्थानिक शेतकऱ्यांबरोबर काही वाफे पुन्हा उभे केले. आसपासच्या शेतांपेक्षा तिथे चांगले पीक आले.

आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे

एवढी कामे एकट्या-दुकट्याने होत नाहीत. अँडीजच्या समाजाचा पाया म्हणजे ‘आय्यू’ : नात्यागोत्याच्या कुटुंबांचा समूह, ज्याची जमीन आणि पाणी सामाईक असते. त्यात ‘आयनी’ नावाची रीत चालते. आज मी तुझ्या शेतात राबलो, उद्या तू माझ्या शेतात राबायचे. घर शाकारायचे असो की पेरणी, पैसा मधे येत नाही, पण हिशोब मनात पक्का असतो. सगळ्या गावाचे काम असेल तर ‘मिंका’ : सगळ्यांनी यायचे, राबायचे आणि एकत्र जेवायचे. आपल्याकडची इर्जिक आणि सावड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या रीतीचा जिवंत पुरावा पेरूतील कुस्को भागात आहे. आपुरिमाक नदीच्या खोल घळीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे, सुमारे तीस मीटर लांबीचा. तो संपूर्ण गवताचा आहे. गवत दोन-तीन वर्षांत कुजते, म्हणून दर वर्षी जूनमध्ये काठावरच्या चार वस्त्या एकत्र येतात. घरटी गवताची दोरी वळून आणायची. बारीक दोऱ्या बायका वळतात, पुरुष त्यांचे मांडीएवढे जाड दोर करतात. जुना पूल कापून नदीत सोडून देतात आणि तीन दिवसांत नवा ताणतात. चौथ्या दिवशी गाणे, नाच आणि जेवण. करोनाच्या साथीत हे काम राहून गेले आणि मार्च २०२१ मध्ये पूल तुटून नदीत पडला. त्याच जूनमध्ये त्या लोकांनी पुन्हा दोऱ्या वळल्या आणि पूल उभा केला. जवळच गाड्यांसाठी लोखंडी पूल आहे. तरी गवताचा पूल होतो, कारण तो केला नाही तर माणसे एकत्र येणार नाहीत, आणि पोरांना दोरी वळता येणार नाही.

रस्ते, कोठारे आणि गाठींचे हिशोब

इंकांनी या जुन्या रीतींवरच आपले राज्य उभारले. त्यांच्या रस्त्यांचे जाळे आजच्या सहा देशांत सुमारे तीस हजार किलोमीटर पसरलेले होते. २०१४ मध्ये त्याची जागतिक वारशात नोंद झाली. चाकाची गाडी नाही, घोडा नाही. ओझे वाहायला फक्त लामा, आणि तोही पंचवीस-तीस किलोच नेतो. निरोप पोहोचवायला धावपटू असत. ठरावीक अंतरावर एक थांबायचा आणि दुसरा पुढे पळायचा. वाटेवर मुक्कामाच्या धर्मशाळा आणि ओळीने बांधलेली कोठारे असत. वाऱ्याच्या उंचवट्यावर बांधलेल्या या कोठारांत मका, चुन्यो, वाळवलेले मांस आणि कापड साठवलेले असे. योसेफाने मिसर देशात दुष्काळासाठी कोठारे भरली, ती गोष्ट इथे आठवते.

या सगळ्याचा हिशोब कसा ठेवीत? त्यांच्याकडे आपल्यासारखी लिपी नव्हती. होते ‘किपू’ : एका आडव्या दोरीला लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या आणि त्यांवर गाठी. खालच्या टोकाला एककाच्या गाठी, त्यावर दशकाच्या, त्यावर शतकाच्या. जिथे गाठ नाही तिथे शून्य. म्हणजे आपली दशमान पद्धतच, पण बोटांनी वाचायची. काही किपूंमध्ये आकड्यांपलीकडचाही मजकूर असावा असे अभ्यासक मानतात, पण तो अजून कोणाला वाचता आलेला नाही.

हे गाठींचे हिशोब किती पक्के होते याची एक नोंद न्यायालयात आहे. हाउहा खोऱ्यातल्या आदिवासी प्रमुखांनी १५६१ मध्ये लिमाच्या स्पॅनिश न्यायालयात आपले किपू आणले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्पॅनिश सैन्याला किती लामा दिले, किती मका दिला, आणि न मागता किती लुटून नेले, ते सगळे त्यांनी गाठींवरून वाचून दाखवले. न्यायालयाने ते लिहून घेतले.

मंडळीची दोन हातांची गोष्ट

इथे आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती मंडळीला, थोडे थांबून स्वतःकडे पाहावे लागते. १५८२-८३ मध्ये लिमा येथे कॅथलिक धर्मगुरूंची मोठी सभा भरली. तिने एका हाताने चांगले काम केले. केचुआ आणि आयमारा या तिथल्या भाषांत धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार करवले. ते १५८४ मध्ये छापले गेले आणि दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले पुस्तक ठरले. त्याआधी, १५६० मध्ये, दोमिंगो दे सांतो तोमास या डोमिनिकन धर्मगुरूंनी केचुआ भाषेचे पहिले व्याकरण प्रसिद्ध केले होते. लोकांची भाषा शिकून त्यांच्याशी बोलावे, ही तळमळ त्यामागे होती.

पण त्याच सभेने दुसऱ्या हाताने किपूंचा संबंध मूर्तिपूजेशी जोडला आणि ते नष्ट करण्यास सांगितले. काही धर्मगुरूंना मात्र किपूंचा उपयोग दिसला होता. त्यांच्याकडे पापकबुलीला येणारे आदिवासी आपली पापे गाठींत मोजून आणीत. तरीही बहुतेक दोऱ्या जळाल्या, हरवल्या, कुजल्या. आज जगभरच्या संग्रहांत मिळून हजारभराहून थोडे अधिक किपू उरले आहेत, आणि ते पूर्ण वाचू शकणारा माणूस एकही नाही.

यातही एक आवाज टिकून राहिला. फेलिपे ग्वामान पोमा हा अँडीजमधला आदिवासी ख्रिस्ती गृहस्थ. त्याने अनेक वर्षे धर्मगुरूंसाठी दुभाषा म्हणून काम केले. १६१५ च्या सुमारास त्याने स्पेनच्या राजाला उद्देशून सुमारे बाराशे पानांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात त्याने स्वतः काढलेली जवळपास चारशे चित्रे आहेत. पेरणी, कापणी, कोठारे, किपू हे सगळे त्यात आहे. आणि आदिवासी बायकांना मारहाण करून विणकाम करवून घेणारा धर्मगुरूही आहे. त्याने ख्रिस्ताला नाकारले नाही. ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांनी ख्रिस्तासारखे वागावे, एवढेच त्याचे मागणे होते. राजाने तो ग्रंथ वाचल्याचा कुठलाही पुरावा नाही. १९०८ मध्ये तो डेन्मार्कमधल्या कोपेनहेगनच्या राजग्रंथालयात सापडला.

खोटा ठरवलेला साक्षीदार

पर्वताच्या पलीकडे अ‍ॅमेझॉन. १५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार आपल्या तुकडीसह या नदीतून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत गेला. त्याच्याबरोबर गास्पार दे कार्व्हाहाल हे डोमिनिकन धर्मगुरू होते. वाटेतल्या चकमकीत बाण लागून त्यांचा एक डोळा गेला. त्यांनी लिहून ठेवले की नदीकाठी दाट वस्त्या आहेत, रुंद रस्ते आत जातात, आणि भांडी तर फारच सुंदर आहेत. पुढच्या प्रवाशांना तिथे फक्त रान दिसले. मग सगळ्यांनी ठरवले की धर्मगुरूंनी थापा मारल्या.

थापा नव्हत्या. मधल्या काळात देवी आणि गोवर यांसारख्या युरोपातून आलेल्या रोगांनी गावेच्या गावे ओस पडली, आणि जंगलाने ती झाकून टाकली. ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या खोऱ्यात खंदक, चौक आणि सरळ रस्ते असलेल्या जुन्या वस्त्या उजेडात आल्या. तिथे राहणाऱ्या कुइकुरो आदिवासींनीच त्या संशोधकांना दाखवल्या. २००३ मध्ये या शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे प्रमुख अफुकाका कुइकुरो यांचे नाव लेखकांत होते. इक्वाडोरमधल्या उपानो खोऱ्यात सहा हजारांहून अधिक मातीचे चौथरे आणि त्यांना जोडणारे रस्ते असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांची सुरुवात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

अ‍ॅमेझॉनची माती मुळात हलकी, पावसाने धुऊन निघणारी. पण जुन्या वस्त्यांच्या जागी काळीभोर, सुपीक माती सापडते. कोळसा, खरकटे, माशांचे काटे आणि फुटक्या भांड्यांची खापरे मिसळून ती माणसांनी तयार केली आहे. शेकडो वर्षांनंतरही तिचा कस टिकून आहे. कुइकुरो लोक आजही राख आणि केरकचरा घालून अशी माती जाणूनबुजून करतात.

आणि आता आपल्या खिचडीतला साबुदाणा. ज्या कंदापासून तो होतो त्याच्या कडू जातीत सायनाइड हे विष तयार होते. अ‍ॅमेझॉनच्या बायका तो किसतात आणि वेताच्या लांब विणलेल्या पिशवीत भरतात. पिशवी टांगून खाली वजन लावले की ती ताणून आवळते आणि विषारी रस पिळून निघतो. चोथा मोठ्या तव्यावर भाजून खातात. रस निवत ठेवला की तळाशी पांढरे सत्त्व बसते, तोच टॅपिओका. हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतला. त्याच सत्त्वाचे गोळे करून तमिळनाडूतल्या सेलम भागात आपला साबुदाणा बनतो. आपल्या सह्याद्रीतल्या कातकरी आणि ठाकर बायकाही कडू करांद्याचा कडूपणा राख घालून उकडून, मग पाण्यात ठेवून काढतात. दोघींची कधी भेट झाली नाही, पण दोघींनी भुकेपुढे हार मानली नाही.

सगळेच गोड नव्हते

हे लोक देवदूत होते असे नाही. इंका राजे जिंकलेल्या लोकांना गावेच्या गावे उठवून दूर नेऊन वसवीत. काही विधींत मुलांचे बळी दिले जात. १९९९ मध्ये अर्जेंटिनातल्या युयायाको शिखरावर, ६,७०० मीटर उंचीवर, अशा तीन मुलांचे गोठलेले देह सापडले. ती वाचून मन विदीर्ण होते. आपल्याही इतिहासात अशी पाने आहेत, आणि युरोपच्या इतिहासातही. कोणत्याही समाजाकडे पाहताना त्याचा अंधार झाकू नये, आणि फक्त अंधारच मोजू नये.

आपल्यासाठी

पौलाने रोमकरांस लिहिताना स्वतःला ज्ञानी समजल्या जाणाऱ्यांचाच नव्हे, तर अडाणी समजल्या जाणाऱ्यांचाही ऋणी म्हटले आहे. आपण पाड्यावर वह्या, औषधे, ब्लँकेटे घेऊन जातो तेव्हा आपल्याला वाटते की आपण देणारे आणि ते घेणारे. पण आपल्या रोजच्या ताटातच त्यांच्यासारख्या माणसांचे देणे वाढलेले असते, आणि ते आपण अजून फेडलेले नाही.

लिमाच्या सभेतल्या माणसांची भावना वाईट नव्हती. त्यांनी गाठी पाहिल्या, पण त्यांचा अर्थ विचारायच्या आधीच निकाल दिला. तीच चूक आपल्याकडूनही होऊ शकते. पाड्यावरची एखादी म्हातारी कोणता कंद कधी खणावा हे सांगते, बी मडक्यात राखेत ठेवते, तापावर पाला वाटून देते. त्यातले काही तपासून घ्यावे लागेल, काही सोडावेही लागेल. पण आधी तिच्या शेजारी बसून “आजी, हे तुम्ही कसं करता?” असे विचारायला हवे, आणि ती सांगेल ते तिच्या नावासह वहीत उतरवायला हवे. तिच्याबरोबर ते गेले, तर पुन्हा कोणाला वाचता येणार नाही.

पुढच्या वेळी खिचडीची वाटी हातात आली की आभार मानताना शेजारणीबरोबर त्या अनवाणी पायांनी बटाटे तुडवणाऱ्यांचीही आठवण ठेवू या. आपल्या कामासाठी प्रार्थना करताना एवढेही मागू या, की प्रभूने आपल्याला देणारे हात दिले आहेत तसे ऐकणारे कानही द्यावेत.